आडवी बाटली

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ‘आडवी बाटली’ म्हटलं की लोकांना मतपत्रिका आठवते. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर महिलांचं मतदान होतं तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं लागतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी अशी बाटली आडवी केली आहे. का केली, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

या लेखातली बाटलीही आडवीच आहे, पण ती बूच ओलं राहावं म्हणून अंधारात आडवी ठेवलेली आहे. पाच, आठ, बारा वर्षं तशीच पडून राहिलेली ही बाटली एखाद्या संध्याकाळी मित्र जमल्यावर उभी केली जाते, दिवसभर तशी ठेवली जाते आणि मग जेवणाच्या वेळी उघडली जाते. आठ माणसांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर मिलीलिटरसुद्धा येत नाही. एवढ्याशा वाटणीसाठी एवढी वाट कशाला पाहायची? बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकच्या एका पंगतीत याचं जे उत्तर मिळालं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपल्याकडे ‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन सोडून बाकी सगळं खपतं. वाइनची बाटली कुणी नेलीच तर ती त्याच रात्री संपते. त्यामुळे जुनी वाइन म्हणजे परदेशातल्या श्रीमंतांचं खूळ, असा समज पक्का आहे. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हा दुसरा समजही तितकाच पक्का आणि तितकाच चुकीचा आहे. जगात तयार होणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. ठेवल्यावर सुधारते ती फार थोडी, आणि त्यातलीही नीट ठेवलेलीच.

काट्यावरचा ऊस, बाटलीतलं साल

माळेगाव बुद्रुकची ओळख साखरेची. शिवनगरचा माळेगाव सहकारी साखर कारखाना, भोवतीची महाविद्यालयं, कालव्याचं पाणी आणि हंगामात रस्त्यावरून रांगेनं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला. पुढे भाटघरच्या धरणानं त्याला बारमाही आधार दिला आणि या कोरड्या मुलखात ऊस स्थिरावला. पर्जन्यछायेतला हा पट्टा. वरून पडणारं पाणी बेताचंच, पिकतं ते कालव्याच्या, विहिरीच्या आणि ठिबकच्या जिवावर.

उसाचा हिशेब सरळ असतो. काट्यावर वजन होतं आणि दर ठरतो तो संपूर्ण कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर. एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा, पायाच १०.२५ टक्के उताऱ्याचा आहे, आणि हा उतारा कुणा एकाच्या शेताचा नसतो, सगळ्यांचा मिळून असतो. एखाद्यानं खोडव्यालाही पोटच्या पोरासारखं जपलं, तरी गव्हाणीत पडल्यावर त्याचा ऊस शेजाऱ्याच्या उसात मिसळतो. साखरेच्या पोत्यावर हंगाम छापलेला असतो, पण चमचाभर साखर तोंडात टाकून तो हंगाम कुणाला ओळखता येणार नाही. येऊही नये, कारण साखरेचं काम दरवर्षी सारखी लागणं हेच आहे.

वाइनचं काम उलटं. तिथे साल चाखता आलं पाहिजे. ज्या वर्षी पाऊस हुकला त्या वर्षीचे मणी लहान, साल जाड, रस घट्ट. ज्या वर्षी छाटणीनंतर पावसानं गाठलं त्या वर्षी डाऊनी बुरशीनं घड कुजलेले, उरलेल्यात पाणी जास्त. ही सगळी हकीकत बाटलीत जाते. ताज्या वाइनमध्ये ती फळाच्या वासाखाली आणि नव्या लाकडाच्या वासाखाली दबलेली असते. वर्षं जातात तसा वरचा थर विरतो आणि खालचं दिसू लागतं.

गंमत म्हणजे दोन्हीकडे मोजपट्टी एकच. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं माप, पाहतात आणि द्राक्षबागेत तोडणीआधी रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून पाहतात तोही ब्रिक्सच. लाल वाइनसाठी द्राक्ष साधारण २३-२४ ब्रिक्सपर्यंत पिकू देतात, म्हणजे यीस्टनं ती सगळी साखर खाल्ल्यावर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतं. खाण्याच्या द्राक्षाला बागायतदार टनानं मोजतो. वाइनच्या द्राक्षाला मात्र घड विरळून उत्पादन मुद्दाम कमी ठेवावं लागतं. वेलीवर जास्त भार टाकला की वाइन पातळ होते, आणि पातळ वाइन टिकत नाही.

नीरेच्या दोन्ही काठांवर

माळेगावात वाइनरी नाही. पण गावाभोवती तास-दीड तासाच्या अंतराचं वर्तुळ काढलं तर त्यात महाराष्ट्राच्या वाइनचा बराच इतिहास येतो.

खुद्द बारामतीत बारामती ग्रेप इंडस्ट्रीजमध्ये इटालियन घराण्याच्या नावानं ‘बोस्का’ वाइन तयार होत असे. नाशिकचं नाव वाइनशी जोडलं जाण्याच्या आधीची ही गोष्ट. या वर्तुळाबाहेर, पण पुणे जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, नारायणगावात, श्यामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात शॅम्पेन इंडेज उभी केली आणि फ्रेंच तंत्रानं फसफसणारी वाइन परदेशी पाठवून दाखवली. ‘ओमर खय्याम’ या नावानं ती तिकडच्या दुकानांत दिसत असे. पुढे कंपनी कर्जात बुडाली. बेंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याला कंवल ग्रोव्हर यांनी बागा लावल्या, नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली आणि २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. विंचूर आणि पलूस इथले वाइन पार्क त्याच धोरणातले.

त्यानंतरच्या लाटेत दोन कारखाने आपल्या वर्तुळात आले. एक दौंड तालुक्यातल्या रोटीला, जिथला घाट चढून तुकोबांची पालखी बारामतीकडे येते. तिथे विजय मल्ल्यांच्या यूबी समूहानं फोर सीझन्स ही वाइनरी बांधली. पुढे ती ग्रोव्हर झाम्पाकडे गेली.

दुसरा कारखाना नीरेच्या पलीकडचा. डाव्या कालव्यावर बारामती-इंदापूर, तर उजव्या कालव्यावर माळशिरस तालुका आणि अकलूज. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटलांचं अकलूज साखरेसाठीच नावाजलेलं. तिथून जवळ मोटेवाडीच्या माळावर २००७च्या सुमारास फ्रान्सहून आणलेली वाइन-द्राक्षांची रोपं लागली. कंपनीचं नाव फ्रातेल्ली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ, आणि या कंपनीत भावांच्या तीन जोड्या होत्या: अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, इटलीचे अलेस्सिओ आणि अँड्रिया सेच्ची. वाइन करायला टस्कनीहून पिएरो मासी आले. सहा भाऊ आणि सातवे मासी, म्हणून त्यांच्या सर्वांत वरच्या लाल वाइनचं नाव ‘सेट्टे’, म्हणजे सात. टस्कनीचं सांजोव्हेसे आणि बोर्दोचं कॅबर्ने सॉव्हिन्यों हे त्यातलं मिश्रण, फ्रेंच ओकच्या पिंपात मुरवलेलं. ठेवायच्या हेतूनं केलेली वाइन आपल्या शिवेवर तयार होऊ लागली ती अशी.

ठेवायची, पण कुठे?

लाल वाइन टिकते ती टॅनिन आणि आम्ल या दोघांच्या आधारानं. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि पिंपाच्या लाकडातून येणारा तुरटपणा. कच्च्या लाल वाइननं हिरड्या आवळल्यासारख्या होतात त्या यामुळे. काळ जातो तसे टॅनिनचे रेणू आपसांत आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, जड होतात आणि गाळ बनून तळाला बसतात. म्हणून जुनी वाइन तोंडात मऊ लागते, तिचा जांभळा रंग आधी माणकासारखा आणि मग विटकरी होतो. बुचातून अगदी किंचित हवा आत जात राहते. ती किती जाते यावर बाटलीचं भवितव्य ठरतं.

या सगळ्याला हवं असतं १२-१४ अंशांचं अंधारं, हादरे नसलेलं, थोडं दमट ठिकाण. बारामतीत मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. उष्णतेनं हे सगळे बदल घाईनं होतात, आणि घाईनं झालेले बदल चांगले होत नाहीत. फळाचा वास उडून जातो, शिजवलेल्या मुरंब्याचा वास येतो, वाइन फुगून बूच बाहेर सरकतं. घरच्या फ्रिजमध्ये ठेवावं तर तो जास्त थंड आणि कोरडा, बूच आक्रसतं. दर दहा मिनिटांनी कॉम्प्रेसर थरथरतो तो वेगळाच.

आपल्या द्राक्षाची मुळातली अडचणही आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या करून त्याला वळणावर ठेवावं लागतं. तिकडे घड शरदाच्या थंडीत पिकतात, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाढत्या उन्हात. ऊन वाढलं की मण्यातलं आम्ल झपाट्यानं उतरतं, पीएच चढतो, आणि चढलेल्या पीएचला वाइन जपणारा सल्फर डायऑक्साइडही कमी कामाचा होतो. म्हणूनच वाइनची द्राक्षं रात्री नाहीतर पहाटे तोडतात आणि थंड करूनच पुढच्या कामाला घेतात. एवढं सगळं करूनही आपली चांगली लाल वाइन युरोपच्या मानानं लवकर वयात येते. तिची उमेद साधारण पाच ते दहा वर्षांची. पंचवीस वर्षं ठेवण्याच्या गप्पा आपण मारू नयेत.

उन्हावर मात केलेली एक वाइन मात्र जगात आहे, आणि तिचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. पोर्तुगीज जहाजं माडेरा बेटावरून वाइनची पिंपं भरून हिंदुस्थानच्या वाटेला लागत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात ती पिंपं तापत, हिंदकळत. जाऊन परत आलेली वाइन आधीपेक्षा चांगली निघाली, म्हणून अशा फेरी मारून आलेल्या वाइनला जास्त भाव मिळू लागला. पुढे माडेरात ती मुद्दाम तापवूनच करायला लागले. पण तिच्यात वरून मद्यार्क घातलेला असतो, आम्ल भरपूर असतं आणि तापवणं हाच तिच्या कृतीचा भाग आहे. आपल्या मोटारीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या बाटलीला हा न्याय लागू होत नाही.

माळवदाखालची पंगत

माळेगाव बुद्रुकमधल्या माझ्या मित्राचं जुनं घर माळवदाचं आहे, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंतींचं. त्यातल्या मधल्या खोलीत, पूर्वी जिथे धान्याच्या कणग्या असत तिथे, तो कित्येक वर्षांपासून बाटल्या आडव्या ठेवत आला आहे. बाहेर एक्केचाळीस अंश असताना त्या खोलीत तीसच्या आत-बाहेर असतं, याचा त्याला अभिमान. पुढे त्यानं इन्व्हर्टरवर चालणारं छोटं वाइनचं कपाट घेतलं, बारा अंशांवर लावलं आणि निम्म्या बाटल्या तिकडे हलवल्या. निम्म्या माळवदाखालीच राहिल्या. त्यामुळे त्याच्या घरात न ठरवता एक प्रयोग घडला: एकाच खोक्यातली, एकाच सालाची वाइन दोन ठिकाणी.

पंगत ठरली फेब्रुवारीत. कारखाना जोरात होता, वाऱ्यावर मळीचा वास येत होता. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट काका, इंदापूरकडचे एक द्राक्ष बागायतदार, ज्यांना सगळे दादा म्हणतात, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका, एक डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, यजमान नवरा-बायको आणि मी. यजमानांच्या आई माळकरी. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि घरात वर्षाची आषाढी. म्हणून पान वाढलं ते ओसरीवर, देवघरापासून लांब. आईंनी एकदा येऊन सगळ्या बाटल्यांवर नजर टाकली आणि विचारलं, “एवढी वर्षं ठेवून काय झालं तिचं?” केमिस्ट काका म्हणाले, “तेच बघायला जमलोय, काकू.” “बघा आणि जेवा. जेवण निवायला नको,” म्हणत त्या आत गेल्या.

वाइन चार होत्या, सगळ्या या नीरेकाठच्या पट्ट्यातल्या, लाल. एक २०२० ची. दोन २०१६ च्या, एक कपाटातली आणि एक माळवदाखालची. शेवटी २०१३ ची. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे घातले होते, म्हणजे सालावरून आधीच मत बनायला नको. ग्लासात जेमतेम दोन बोटं वाइन.

जुनी वाइन उघडणं हेच एक काम असतं. २०१३ च्या बाटलीचं बूच स्क्रू फिरवताच अर्ध्यावर तुटलं. यजमानांनी घाई केली नाही. स्क्रू तिरका घालून उरलेला तुकडा हळूहळू वर घेतला, बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, आणि मोबाइलचा दिवा मानेखाली धरून वाइन काचेच्या जगमध्ये ओतायला सुरुवात केली. दिव्याच्या उजेडात लाल धार स्वच्छ येत होती. शेवटच्या दोन घोटांवर काळपट धूर मानेकडे सरकताना दिसला तसा हात थांबला. तो गाळ बाटलीतच ठेवला. केमिस्ट काकांनी ती बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. आयुष्यभर रसातला गाळ खाली बसवणाऱ्या माणसाला हा गाळ वेगळाच वाटला असणार.

पहिला आकडा सगळ्यांना आवडला. जांभळट, फळाचा, थोडा उद्धट. दुसरा आणि तिसरा आकडा आला तेव्हा चर्चा सुरू झाली. दुसऱ्याचा रंग माणकासारखा, कडेला किंचित विटकरी. वासात सुकी चेरी, थोडा तंबाखू. तोंडात तुरटपणा होता, पण टोचत नव्हता. तिसऱ्याचा रंग चहासारखा उतरलेला. दादांनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच म्हणाले, “हा तर आमचा बेदाणा शेड.” केमिस्ट काकांचं म्हणणं काकवीचं होतं. प्राध्यापिका म्हणाल्या, “दोन्ही बरोबर. ही तापलेली आहे.” कागद काढले तेव्हा दोन्ही बाटल्यांवर एकच साल, एकच शिक्का. सात-आठ उन्हाळ्यांत कपाटातली वाइन पिकली होती आणि माळवदाखालची वाइन म्हातारी झाली होती. यजमानांचा माळवदाचा अभिमान तिथेच निवला. खोली धान्याला चांगली, वाइनला नाही, हा निकाल सर्वानुमते लागला.

चौथा आकडा ओतल्यावर पहिली काही मिनिटं काहीच सांगत नव्हता. मग हळूहळू उघडला. ओल्या मातीचा, सुक्या अंजिराचा, जुन्या कातड्याचा वास. तोंडात हलका, पण लांब टिकणारा. कागद निघाला आणि २०१३ हा आकडा वाचताच दादांनी ग्लास खाली ठेवला. “हे छावणीचं वर्ष,” ते म्हणाले. २०१२ चा पाऊस हुकला होता आणि २०१३ च्या उन्हाळ्यात इंदापूर-माळशिरसकडे जनावरांच्या चारा छावण्या लागल्या होत्या. त्यांची स्वतःची बाग त्या वर्षी टँकरच्या पाण्यावर जगली. विकत आणलेलं पाणी आधी शेततळ्यात, मग ठिबकनं मुळाशी. मणी बारीक राहिले, एक्सपोर्टचा माल निघाला नाही. “त्या वर्षीच्या बारीक मण्याला आम्ही शिव्या घातल्या. वाइनवाल्यांना तोच हवा होता म्हणायचा.”

मग प्रत्येक बाटलीचं साल निघालं. २०१६ म्हणजे लातूरला रेल्वेनं पाणी नेलं ते वर्ष, डॉक्टरांना आठवलं. २०२० ची द्राक्षं लागली ती २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसानंतर, आणि तोडणी संपते न संपते तोच मार्चमध्ये टाळेबंदी. त्या वर्षी दादांचा माल बांधावरच पडून राहिला होता. रात्री उशिरापर्यंत बोलणं वाइनवर कमी आणि या वर्षांवर जास्त झालं. शेतकऱ्याच्या घरात दुष्काळाच्या गोष्टी एरवीही निघतात. पण तेव्हा त्या कर्जाच्या, भावाच्या, कुणीतरी बुडवल्याच्या असतात. त्या रात्री त्याच वर्षांचं काहीतरी चांगलं हातात होतं.

जेवणाचा क्रम

या भागातलं मटण आणि जुनी वाइन यांचं जमतं का, असं मला अनेकांनी विचारलं आहे. क्रम पाळला तर जमतं. तिखटानं टॅनिन आणखी तुरट लागतं आणि अल्कोहोल जाळतं. बारा वर्षांत तयार झालेला नाजूक वास तांबड्या रश्श्याच्या पहिल्या घोटात नाहीसा होतो. म्हणून त्या रात्री आधी आला अळणी रस्सा: हळद, आलं-लसूण आणि मटणाचा अर्क, तिखट नावालाही नाही. त्याच्यासोबत २०१३. मग शिजलेल्या फोडी नुसत्या तुपावर परतून, वर मिरपूड. ज्वारीची भाकरी, कोवळा हुरडा, बिनतिखटाची शेंगदाण्याची चटणी. वांग्याचं भरीत कपाटातल्या २०१६ बरोबर सगळ्यांत छान गेलं, कारण भाजल्याचा धुरकट वास दोन्हीकडे होता. तांबडा रस्सा आणि ठेचा आला तेव्हा ग्लास बाजूला गेले आणि ताकाचे पेले आले. ज्यांना गाडी चालवायची होती ते रात्री तिथेच राहिले.

पॅरिसपासून अकलूजपर्यंत

वाइन ठेवून, पुन्हा उघडून, पुन्हा निकाल लावण्याची जगातली सर्वांत गाजलेली गोष्ट स्टीव्हन स्परियर या इंग्रजाची. पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवणाऱ्या स्परियरनं २४ मे १९७६ रोजी फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या नामवंत आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नावं झाकून ठेवल्या. पांढऱ्यात आणि लालमध्ये, दोन्हीकडे कॅलिफोर्निया पहिली आली. फ्रेंचांनी म्हटलं, आत्ता ठीक आहे, पण तुमच्या वाइन टिकणार नाहीत, जुन्या झाल्यावर आमच्याच पुढे जातील. तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच सालांच्या त्याच लाल वाइन लंडन आणि नापा इथे पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या. पहिली आली ती रिज माँटे बेल्लो, १९७१ ची.

हेच स्परियर पुढे अकलूजला आले. त्यांच्या साथीनं फ्रातेल्लीनं ‘एम/एस’ नावाच्या वाइन काढल्या. २०२१ च्या मार्चमध्ये स्परियर गेले. नवख्या मुलखाला नामवंतांसमोर बसवून निकाल लावणाऱ्या माणसाला उतारवयात नीरेकाठचा माळ आवडला, याचा आपण थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण या गोष्टीचा खरा धडा वेगळा आहे. कॅलिफोर्नियाकडे तीस वर्षांनी उघडायला त्या बाटल्या शिल्लक होत्या. कुणीतरी त्या ठेवल्या होत्या.

आपल्याकडे तेच होत नाही. कारखान्याला पैसा लवकर फिरवायचा असतो, दुकानदार बाटली उन्हाच्या कपाटात उभी ठेवतो, गिऱ्हाईक त्याच रात्री ती संपवतं. त्यामुळे आपल्या लाल वाइनचं दहा वर्षांनी काय होतं, हे सांगू शकणारी माणसंच थोडी आहेत. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारखी संस्था जवळ आहे, आघारकर संशोधन संस्थेपासून कृषी विद्यापीठांपर्यंत द्राक्षावर काम झालेलं आहे. वाइनऱ्यांनी दर हंगामातली काही खोकी विक्रीतून बाजूला काढून थंड खोलीत ठेवली, आणि पाच-पाच वर्षांनी ती उघडून निकाल जाहीर केला, तर कोणत्या मातीतली, कोणत्या वाणाची वाइन टिकते हे वीस वर्षांत कळेल. आणि बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर ‘अमुक सालापर्यंत प्यावी’ एवढं मराठीत छापायला खर्च येत नाही.

या लेखावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट म्हटलं आहे. ‘रोज एक ग्लास हृदयाला चांगला’ ही जुनी समजूत आता तग धरत नाही. महाराष्ट्रात वाइन पिण्याचं कायदेशीर वय एकवीस आहे. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा तेव्हाचा युक्तिवाद मला पटला नव्हता, आजही पटत नाही. वाइन ही दारूच आहे. मतपत्रिकेवरची बाटली आडवी करणाऱ्या बाईला ‘ही शेतकऱ्याची वाइन आहे हो’ असं सांगून वाद जिंकता येणार नाही, आणि जिंकूही नये. पण सावकाश, थोडी, जेवणाबरोबर आणि दहा वर्षांची वाट पाहून पिणारा माणूस त्या बाईच्या घरातला प्रश्न निर्माण करत नाही. ज्याला दहा वर्षं बाटली न उघडता ठेवता येते, त्याच्या हातात ती सुरक्षित आहे.

तेव्हा हिशेब साधा आहे. थंड जागा नसेल तर वाइन साठवू नका, यंदाची यंदाच प्या. पांढरी आणि गुलाबी तर कधीच साठवू नका. जागा असेल तर आपल्या भागातल्या एकाच लाल वाइनच्या, एकाच सालाच्या तीन बाटल्या घ्या. खरेदीची तारीख लिहून त्या आडव्या ठेवा. एक लगेच उघडा, दुसरी चार वर्षांनी, तिसरी आठ वर्षांनी, आणि तिन्ही वेळा तीच माणसं जेवायला बोलवा. तिसरी बाटली संपेल तेव्हा नीरेकाठची वाइन टिकते की नाही, हे सांगायला तुम्हाला कुणा तज्ज्ञाची गरज उरणार नाही.